पंचफुला सिस्टर, तुमची वही

पंचफुला सिस्टर,

तुमच्या निधनाची बातमी मीच पाठवली. करुणा दुकानात आली, डोळे सुजलेले, पदराचं टोक मुठीत धरलेलं, आणि म्हणाली, काका, आईचं तेवढं पेपरात द्या. मी कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि थांबलो. तुमचं पूर्ण नाव मला आठवेना; मी ते कधी लिहिलंच नव्हतं. तुमच्या मुलीला ते विचारावं लागलं. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग एकेक शब्द सुटा करून तिने सांगितलं: पंचफुला नामदेव मनवर. मी लिहून घेतलं.  

तुमच्या पश्चात कोण कोण आहे ते त्या चार ओळींत आलं आहे. इथे ते पुन्हा लिहीत नाही. मला दुसरंच काही लिहायचंय, आणि ते तुमच्या पश्चात लिहितोय हीच माझी नामुष्की आहे.

बाजाराच्या दिवशी तुम्ही अकराच्या एसटीने घाटंजीला यायचात. भाजी घेण्याआधी माझ्या दुकानापुढच्या बाकड्यावर बसायचात, दोन्ही पेपर शेवटच्या पानापासून पहिल्यापर्यंत वाचायचात आणि घड्या जशाच्या तशा घालून परत ठेवायचात. विकत कधी घेतला नाही. बातमी वाचावी, घरात ठेवू नये, घरात ठेवली की तिचीच रद्दी होते, असं तुमचं म्हणणं. मी तालुक्याचा वार्ताहर आणि पेपरचा एजंटही. आज बातमी लिहायची, उद्या तीच विकायची. मी तुम्हाला सिस्टर म्हणायचो, तुम्ही मला भाऊ. सिस्टर म्हणजे बहीणच की, असं मी एकदा चारचौघांत मोठेपणाने म्हणालो, तर तुम्ही पेपरातून मान वर न करता म्हणालात, "बहीन असती त तिचं नाव तरी मालूम असतं भावाले." सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवशीसुद्धा तुमचं नाव विचारलं नाही.

तुम्ही माझ्या बातम्यांची भारी थट्टा करायचात. आमच्या बातमीला एक ठरलेली शेपटी असते. शिबिर असो की सत्कार, अध्यक्ष, पाहुणे, डॉक्टर, सरपंच अशी नावं मानाच्या क्रमाने लिहून झाली की शेवटी लिहायचं, यशस्वितेसाठी कर्मचाऱ्यांनी परिश्रम घेतले. लसीकरण, नसबंदी, पोलिओचा रविवार, तुम्ही कायम त्या शेपटीत. एकदा तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवून शेजारच्या पानवाल्याला दाखवलंत, "हे पाहा, मी आली पेपरात. हे 'परिश्रम' मंजे मी." नाव छापलं की माणूस आपला होतो, हे वार्ताहराचं पहिलं शहाणपण. सरपंच आपला व्हावा, डॉक्टर आपले व्हावेत असं मला वाटे. सिस्टर तर आपल्याच होत्या. त्यांचं नाव कशाला छापायचं?

हे सगळं शहाणपणच होतं असंही नाही. माझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा तुम्ही चार दिवस सलाईन लावायला आमच्या घरी आलात. आमचं घर कचेरीतल्या नोकऱ्यांवर वाढलेलं, सुधारलेलं म्हणवणारं. तरी तुम्हाला चहा दिला तो ओसरीवर, कान तुटलेल्या वेगळ्या कपात. मी तिथेच उभा होतो. चौथ्या दिवशी तुम्ही चहा प्यायलात, नळावर कप धुतलात आणि कट्ट्यावर उपडा ठेवलात.  त्या कपाची आठवण मला आजकाल रोज येते. तुमचं नाव न विचारण्याची सवय त्याच घरात लागलेली होती.

तुमचं उपकेंद्र घाटंजीपासून आत, जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दोन खोल्या, एक बाळंतपणाचं टेबल, एक लोखंडी कपाट. त्या कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलेला असायचा. त्यावर तीन रकाने: कोणाकडे, कशासाठी, परत. छत्री, टॉर्च, ताप मोजायची नळी, शेजारणीने नेलेली कढईसुद्धा तिथे लिहिलेली. वस्तू परत आली की आणणाऱ्यानेच सही करायची किंवा अंगठा द्यायचा, मग तुम्ही त्या ओळीवर आडवी रेघ ओढायची. एका गावकऱ्याने विचारलं, सिस्टर, आमच्यावर विश्वास नाही का? तुम्ही म्हणालात, विश्वास आहे, म्हणूनच देते. लिहिते ते माझ्या डोक्यावर विश्वास नाही म्हणून.

मग ती बोंडअळीची वर्षं आली. लोक फवारणीवर फवारणी करत होते. त्यातल्या एका वर्षी पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. फवारा वर मारायचा आणि तो तोंडावर यायचा. तुमच्या उपकेंद्रापुढे माणसं येऊन पडायला लागली. कुणाला दिसत नाही, कुणाला उलट्या, कुणाच्या तोंडातून लाळ थांबत नाही. सोबत आलेल्यांना तुम्ही विचारायचात, कोणतं औषध मारलं? कुणी सांगायचं नाही. डबा कुठे आहे म्हटलं की फेकला म्हणायचे. तुम्हाला आधी वाटलं, अडाणीपणा. मग लक्षात आलं, भीती. माणूस औषधाने पडला म्हटलं की पोलीस येतील, पिऊन पडला असं लिहितील, घराचं नाव जाईल. म्हणून लोक आधी डबा विहिरीत नाहीतर नाल्यात फेकायचे आणि मग माणूस उचलायचे.

ही गोष्ट दवाखान्यातल्या कुणाला कळली नव्हती, सिस्टर. तुम्हाला कळली, कारण तुम्ही त्या घरांत बाळंतपणं केली होती. तुम्ही गावोगावी जाऊन बायांना गोळा केलंत आणि एकच वाक्य सांगत सुटलात. "डबा आनला त केस होत नाई. डबा फेकला त मानूस जाते." पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवताना रुग्णाच्या उशाशी डबा असायचा, पिशवीत बांधून, गाठीला चिठ्ठी. कशाचं विष आहे ते तिथल्या डॉक्टरांना वाचता यायचं. सगळ्यांना एकच इंजेक्शन चालत नाही, हे तुम्ही मला बाकड्यावर बसून समजावून सांगितलं होतंत.

आणि तुम्ही वही केलीत. निळ्या पुठ्ठ्याची, शाळेतल्या मुलांची असते तशी. गाव, नाव, डब्यावरचं नाव, वारा होता की नव्हता, पराटी किती उंच, सकाळी काही खाल्लं होतं का. डब्यावरची इंग्रजी अक्षरं तुम्ही रांगोळीसारखी बघून बघून काढलेली. सगळ्यात शेवटी एक रकाना, काम. त्यात फवारणी होतंच, पण पाणी भरलं, हाताने औषध कालवलं, फवाऱ्याचे कपडे धुतले, असंही होतं. हे सगळं बायांचं काम. डोकं धरून, हातपाय गळून, डोळ्यांपुढे अंधारी येऊन त्या उपकेंद्रात यायच्या आणि सगळीकडे त्यांच्यापुढे एकच शब्द लिहिला जायचा: अशक्तपणा. तुम्ही तो शब्द लिहिला नाहीत. नवऱ्याचा औषधाने भिजलेला सदरा हाताने चोळून धुतला की धुणारीला त्रास होतो, हे या भागात पहिल्यांदा कुणी कागदावर मांडलं असेल तर ते तुम्ही.

वही घेऊन तुम्ही माझ्याकडे आलात. वरच्या लोकांना तोंडी सांगून झालं, कुणी ऐकत नाही, पेपरात आलं तर ऐकतील, म्हणालात. पहिली काही पानं मला वाचून दाखवलीत. मी म्हणालो, वही ठेवून जा, मी बातमी करतो. तुम्ही देण्याआधी मागच्या पुठ्ठ्याच्या आत काहीतरी लिहिलंत. मी बघितलं नाही. मला बातमी दिसत होती.

बातमी मोठी आली, फोटोसह. फोटो आपल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचा. डॉक्टरांच्या सतर्कतेमुळे अनेकांचे प्राण वाचले, डॉक्टरांनी डबा सोबत आणण्याची अभिनव पद्धत सुरू केली, डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या. शेवटी ती शेपटी होतीच. डॉक्टर भले गृहस्थ होते, तेही त्या दिवसांत राबत होते. त्यांनी मला असं लिही म्हणून सांगितलं नव्हतं. मी लिहिलं. बायांचा रकाना मी पूर्ण गाळला. कपडे धुऊन कुणाला विषबाधा होते, हे वाचून लोक हसतील, असं मला वाटलं.

पुढच्या बाजाराला तुम्ही बाकड्यावर बसून ती बातमी दोनदा वाचलीत. मी गिऱ्हाईक नसताना गिऱ्हाईक असल्यासारखा आत बाहेर करत होतो. तुम्ही पेपराची घडी घातलीत.

"माह्यं नाव नाई, ते चालते भाऊ. बाया कुठं गेल्या?"

"जागा नव्हती, सिस्टर."

"फोटोले होती."

मी म्हणालो, पुढच्या बातमीत टाकू. तुम्ही म्हणालात, पुढच्या बातमीपर्यंत त्या सदरे धुणारच आहेत. हा आपला वाद तिथेच थांबला, आणि तो मी हरलो होतो हे मला तेव्हाही कळलं होतं.

डॉक्टरांचा सत्कार झाला. मला व्यासपीठावर खुर्ची मिळाली, शाल मिळाली. तुम्ही मंडपाच्या मागे चहाच्या कपांची मोजदाद करत होतात. त्यानंतर थोड्या दिवसांनी कळलं की वरून चौकशीचं पथक येणार आहे, आणि तुम्ही भर दुपारी, बाजाराचा दिवस नसताना, दुकानात आलात. हा प्रसंग मी कालपर्यंत कुणालाच सांगितलेला नव्हता. माझी बायको गेली, तिलाही नाही.

तुम्ही काखेतली पिशवी काउंटरवरच्या परतीच्या, न खपलेल्या पेपरांच्या गठ्ठ्यावर ठेवलीत आणि म्हणालात, "भाऊ, वही पाह्यजे. चौकशीचे साहेब येऊन राह्यले. बायाइचं सांगाव लागते त्याइले. तोंडी कोनी आयकत नाई, कागद दाखोव लागते."

वही त्याच गठ्ठ्यात होती. तुमच्या पिशवीखाली, वरून चौथी की पाचवी. निळ्या पुठ्ठ्याची कड मला दिसत होती.

ती वही साहेबांच्या हातात गेली असती तर पहिल्या पानावरच कळलं असतं की माझी बातमी तिच्यातून शब्दाशब्दाने उतरवली आहे, फक्त माणूस बदलला आहे. शाल अजून कपाटात नवी कोरी होती. मी म्हणालो, "सापडत नाही, सिस्टर. रद्दीत गेली वाटते."

"रद्दी तर तुमीच बांधता."

"हो. माझ्याच हातून गेली असेल."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. फार वेळ नाही. मग पिशवी उचललीत आणि "पाहाजा, सापडली त," एवढं म्हणून उन्हात निघून गेलात. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

पथक आलं तेव्हा मी वार्ताहर म्हणून हजर होतो. साहेब सज्जन होते, त्यांनी तुमचं बोलणं ऐकून घेतलं. मग विचारलं, या बायांची काही नोंद आहे का? तुम्ही एकच शब्द बोललात: "होती." साहेबांनी मान हलवली आणि पुढचा कागद उलटला. बाया अशक्तपणात राहिल्या. मी खाली मान घालून लिहून घेत होतो.

त्यानंतर दोन वर्षं तुम्ही बाकड्यावर आला नाहीत. बाजाराच्या दिवशी एसटीतून उतरून पलीकडच्या बाजूने जाताना दिसायचात. मी वही घरी नेली, धाकट्या भावाच्या लग्नातल्या एका कापडात गुंडाळली आणि पेटीत टाकली. फेकायचं धाडस झालं नाही, द्यायचंही झालं नाही. मग तुमचे यजमान गेले आणि तुम्ही बातमी द्यायला आलात. मी ती बातमी फार काळजीने लिहिली; तुम्ही तिच्यातही 'पत्नी' एवढ्याच होतात. पुढच्या बाजाराला तुम्ही परत बाकड्यावर येऊन बसलात, पेपर शेवटच्या पानापासून उघडलात. वहीचा विषय काढला नाहीत. मीही नाही. अशी वर्षं गेली, सिस्टर. तुम्ही निवृत्त झालात, माझा मुलगा पुण्याला गेला, पेपर मोबाइलवर गेला, दुकानात खाऊच्या पुड्या टांगल्या. बाजाराच्या दिवशी अकराच्या एसटीचा आवाज आला की मी बाकडं फडक्याने पुसायचो. आठवड्यात माझ्याशी कुणी नीट बोलत असेल तर ते तुम्ही, आणि तुमच्याशीच मला बोलायचं होतं ते बोलता येत नव्हतं.

मग अश्विनी आली. यवतमाळला नर्सिंगच्या मुलींना शिकवणारी, हसरी, खांद्याला लॅपटॉप. इंटरनेटवर एक मोठा ज्ञानकोश आहे, कुणीही वाचावा, कुणीही लिहावा असा. तिने आणि तिच्या विद्यार्थिनींनी ठरवलं होतं की आरोग्यसेवेतल्या बायकांची पानं त्यात लिहायची. तिने मला सांगितलं, "काका, तिथं आपल्या जिल्ह्यातली धरणं आहेत, देवळं आहेत, आमदार तर सगळेच आहेत. सिस्टर एकही नाही. दाई नाही. गावात राहून गेलेली लेडी डॉक्टर नाही." मग तिने तुमचं नाव घेतलं. प्रत्येक वाक्याला छापील आधार लागतो आणि तुमच्याबद्दल छापलेलं काही सापडत नाही, म्हणून तिने तुम्हालाच विचारलं होतं. "सिस्टर म्हणाल्या, भाऊजवळ जा. भाऊजवळ सगळं हाये, जुनं काईच फेकत नाईत ते."

 तुम्हाला माहीत होतं. कधीपासून माहीत होतं ते आता मला कळणार नाही. कदाचित त्या दुपारपासूनच. आणि इतकी वर्षं तुम्ही माझ्या बाकड्यावर बसून मला दुसऱ्यांच्या बातम्या वाचून दाखवत होतात.

मी उठलो, आतून फाईल आणली आणि अश्विनीला त्या बातमीचं कात्रण दिलं. पेटी उघडली नाही. तिने वाचलं आणि विचारलं, "यात सिस्टरचं नाव कुठं आहे?" मी म्हणालो, तेव्हा असंच लिहायचे.

तिने तुमचं बोलणं, दोन जुन्या रुग्णांचं बोलणं आणि ते कात्रण यांवर पान लिहिलं. तुम्ही मला ते करुणाच्या मोबाइलवर दाखवलंत. आठवड्याभरात त्या पानावर पाटी लागली: उल्लेखनीयता सिद्ध होत नाही, आधार म्हणून दिलेल्या बातमीनुसार हे काम डॉक्टरांचे आहे. पुढच्या आठवड्यात पान गेलं. अश्विनी चिडली होती. पण ज्याने ते काढलं त्याची चूक नव्हती. कुठल्यातरी गावी बसून त्याने माझी बातमी वाचली आणि माझ्यावर विश्वास ठेवला. पेपरात आलं म्हणजे खरं, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. ते कुणीतरी इतक्या वर्षांनी मनावर घेतलं.

त्या बाजाराला तुम्ही हसत सांगितलंत, "जित्तेपनीच काढून टाकलं मले त्याइनं." मग उठताना, पिशवी काखेत घेताना म्हणालात, "भाऊ, त्या पोरीले अजून काई सापडलं त देजा."

मी म्हणालो, "बघतो."

आपलं शेवटचं बोलणं एवढंच. पुढच्या बाजाराला वही द्यायची असं मी ठरवलं होतं. पेटीतून काढून कापडासकट काउंटरखाली ठेवली होती. हे मी स्वतःची बाजू सावरायला सांगत नाही. आजवर इतक्या वेळा ठरवलं होतं की या ठरवण्याची किंमत तुम्हाला माहीत असेल. अकराची एसटी आली. तुम्ही उतरला नाहीत. दुपारी करुणा आली.

तुमच्या पुण्यानुमोदनाला विहार भरून गेला होता. पोडावरच्या, म्हणजे जंगलातल्या वस्तीवरच्या, कोलाम बाया आल्या होत्या, मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला जुना पत्रकार म्हणून दोन शब्द बोलायला उभं केलं. खरं बोलायचं असं मनाशी धरून मी उठलो. माईक हातात आला आणि माझ्या तोंडून निघालं, "आरोग्याच्या कामासाठी सिस्टरांनी फार परिश्रम घेतले." तीच शेपटी. कुणाला काही वाटलं नाही, लोकांनी माना डोलावल्या. मी बसलो. मग चहा फिरला. मागच्या रांगेतल्या एका बाईच्या हातातली बशी वाजत होती. थांबतच नव्हती. शेजारणीने तिच्या हाताखाली आपला हात धरला, रोजची सवय असल्यासारखा. मी करुणाला विचारलं, ही कोण? ती म्हणाली, सुंदरबाई. त्या वर्षीपासून हात असाच आहे. औषध कालवायची.

दुकानात येऊन मी वहीचं कापड सोडलं. दुसऱ्याच पानावर ती होती. सुंदरबाई, गाव, डब्यावरचं नाव रांगोळीसारख्या अक्षरांत. काम: हाताने कालवलं. पुढे तुमच्या अक्षरात: हात थरथरतो, पुन्हा पाहणे.

दुसऱ्या दिवशी मी पेपरच्या कार्यालयात फोन लावला. जिल्ह्याचं पान बघणारा मुलगा माझ्या नातवाच्या वयाचा. इतक्या जुन्या बातमीची दुरुस्ती कोण छापतं काका, म्हणाला. मी म्हणालो, बातमी माझी होती, चूक माझी होती, मी सही करून पाठवतो. रोज फोन करत राहिलो. अकराव्या दिवशी आतल्या पानावर, हवामानाच्या चौकटीखाली, ती आली. रुग्णासोबत औषधाचा डबा आणण्याची पद्धत आणि विषबाधेची नोंदवही हे काम परिचारिका पंचफुला नामदेव मनवर यांचे होते. पाणी भरणाऱ्या, औषध कालवणाऱ्या व कपडे धुणाऱ्या स्त्रियांना झालेल्या बाधेची नोंदही त्यांनीच ठेवली होती. आमच्या वार्ताहराने ही माहिती चुकीची दिली व गाळली होती. ही दुरुस्ती मीच लिहिली होती. शेपटी लावली नाही.

अश्विनीला अंक पाठवला. ती स्पष्ट बोलणारी आहे, तिने मला उगाच बरं वाटेल असं काही सांगितलं नाही. म्हणाली, एवढ्याने पान परत येईलच असं नाही, आणखी आधार शोधावे लागतील. पण निदान ते जुनं कात्रण आता कुणी तुमच्याविरुद्ध पुढे करू शकणार नाही. हा लेख मी या साप्ताहिकात देतोय तो त्यासाठीच. तोही पुरणार नाही, मित्राने लिहिलेला आहे म्हणतील. मित्र हा शब्द मी स्वतःहून वापरला नसता.

कालच्या बाजाराला मी दुकान बंद ठेवलं आणि अकराच्या एसटीने उलट तुमच्या गावी गेलो. करुणाने खुर्ची दिली. वही मी तिच्या हातात ठेवली आणि सगळं सांगितलं, त्या दुपारच्या गठ्ठ्यासकट. ती ऐकता ऐकता पानं उलटत राहिली. तिच्या मावशीचं नाव एका पानावर निघालं, तिथे थांबली. मग शेवटी मागचा पुठ्ठा उघडला आणि वही माझ्याकडे वळवली.

आत तुमच्या हाताने आखलेले तीन रकाने होते. कोणाकडे: पेपरवाले भाऊ. कशासाठी: बायाइची बातमी. परत: आणि पुढे कोरं.

इतकी वर्षं ते माझ्याच पेटीत होतं आणि मी पाहिलं नव्हतं.

करुणाने आतून पेन आणलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलंही नाही. एवढंच म्हणाली, "परत आननाऱ्यानंच सही करा लागे काका, तिचा नियम होता." मी कोऱ्या जागेत कालची तारीख घातली, खाली सही केली. तुम्ही असतात तर त्या ओळीवर आडवी रेघ ओढली असतीत. करुणाने पेन माझ्याच हातात राहू दिलं होतं. रेघ मी ओढली नाही.